कुटुंबातील कोणास दलाली मिळाली आहे काय

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की बाई साळसूदपणे गोष्ट सांगत बसली. भावजींना त्या कंपनीत नेलं मी. नेल्याबद्दल मला शंभराला पाच मिळाले. तीन वेळा, पाकिटातून, पावतीवर सही करून. आणि हे भावजींना माहीत नव्हतं. आता पुढचं ऐका.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. कोणी विचारलं की म्हणायचे, "राहून गेलं," जसं काही बाजारातून कोथिंबीर आणायची राहून गेली. माझा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. घर सासऱ्यांनी धाकट्याच्या नावावर केलं होतं, कारण थोरल्याच्या हातात पैसा टिकत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तेव्हा कागदोपत्री मी त्या घरात कोणीच नाही. नवरा गेल्यावर महिनाभराने मी जेवताना भीतभीतच विचारलं, "भावजी, मी आता कुठे जाऊ?" ते म्हणाले, "कुठे म्हणजे? भाजीत मीठ कमी पडलंय आज." तेवढ्यावर तो विषय मिटला. तेव्हापासून खालच्या मजल्यावर मी, वर ते, आणि स्वयंपाकघर एक.

भावजी कवळ्या करतात. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप पाठवतात आणि भावजी मागच्या खोलीत बसून त्यावर दात बसवतात. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाखाली तारखेची चिठ्ठी. नवीन माणूस त्या खोलीत शिरला की दचकतोच. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, जबडे राहतात. रस्त्यात कोणी सभ्य गृहस्थ हसून विचारपूस करतो, हेही हसतात, आणि तो पुढे गेला की मला हळूच सांगतात, "खालची. उजवीकडे सैल होती." माझ्या तोंडातले वरचे चार दातही त्यांचेच. त्याचे पैसे घेतले नाहीत, पण पावती मात्र फाडली. शून्य रकमेची.

स्वभावाने भित्रे. ससा परवडला. त्यातून टॅक्स म्हटलं की बघायलाच नको. तेविसाव्या वर्षी एक बिल हिशेबात धरायचं राहिलं आणि टॅक्स ऑफिसची नोटीस आली. दंड किती, तर दोन वेळच्या जेवणाचा. पण त्या लखोट्याने जी धास्ती घेतली ती कायमची. तेव्हापासून दर वर्षाचा एक बुटांचा खोका, त्यात त्या वर्षाचा कागद न् कागद. विवरणपत्र भरायची मुदत सुरू झाली की पहिल्या आठवड्यात भरून मोकळे. मी म्हणायची, "भावजी, सरकारलासुद्धा एवढी घाई नसते हो." ते म्हणायचे, "वहिनी, आपली बाजू स्वच्छ असली की झोप लागते."

माझं काम धुलाईच्या दुकानात, काउंटरवर. कपडे घ्यायचे, डाग बघायचे, चिठ्ठी टाचायची. तिथे दर सोमवारी एक गृहस्थ राखाडी कोट इस्त्रीला टाकायचे. आम्ही त्यांना कोटवाले म्हणायचो. गोड बोलणं, सुटे पैसे कधी परत मागायचे नाहीत. त्यांची कंपनी दवाखान्यांना मशिनं भाड्याने द्यायची म्हणे, आणि लोकांनी ठेवलेल्या पैशांवर शंभराला अठरा व्याज. मला म्हणाले, "ताई, तुमच्या ओळखीत कोणी असेल तर सांगा. तुम्हालाही शंभरामागे पाच."

मी भावजींना घेऊन गेले. खोटं कशाला बोलू, कंपनी खरी आहे असं मलाही वाटलं होतं. जाणूनबुजून मी त्यांना खड्ड्यात ढकललं नाही. पण भावजी फसणारे नव्हते. अर्धा तास ते खुर्चीच्या टोकावर बसून होते, आता उठतात की मग उठतात. तेवढ्यात कोटवाले म्हणाले, "आणि साहेब, वर्षअखेरीला आम्ही व्याजाचा दाखला देतो. टॅक्ससाठी." झालं. भावजी खुर्चीत मागे टेकले. घरी येताना मला म्हणाले, "वहिनी, जी कंपनी टॅक्सचा दाखला देते ती चोर कशी असेल?" एवढ्या एका दाखल्यावर या माणसाने तीस वर्षांच्या कवळ्यांचा पैसा तिथे नेऊन ठेवला. तीन हप्त्यांत. माझी तीन पाकिटं ती हीच.

मी का लपवलं? कारण सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "छान झालं, आता यावर टॅक्स भरा." हसू नका, हेच म्हणाले असते. पहिल्या पाकिटातून मी माझी थकलेली देणी फेडली. उरलेल्या दोन्हींतून बहिणीबरोबर चार दिवस समुद्रावर जाऊन आले आणि सांगितलं की खर्च बहिणीने केला.

पाच वर्षं दाखला येत राहिला. भावजी व्याज काढायचे नाहीत, तिथेच राहू द्यायचे. पण दाखल्यावर दिसतं म्हणजे उत्पन्नच, म्हणून त्या हातात न आलेल्या व्याजावर दर वर्षी टॅक्स भरायचे, तोही कवळ्यांच्या कमाईतून. न जेवलेल्या जेवणाचं बिल चुकतं करावं तसं. एका वर्षी त्यापायी पॉलिशचं नवं मशीन घेणं रद्द केलं. त्याच सुमारास त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. थोडासाच, पण कवळीच्या कामात थोडासाच पुरतो. आणखी दोन वर्षं काम होईल, मग या पैशांवर बसून खाऊ, असा त्यांचा हिशेब होता.

एका सोमवारी कोटवाले कोट न्यायला आले नाहीत. गुरुवारी कळलं की ऑफिसला कुलूप आहे आणि मशिनं कधी नव्हतीच. मी धावत घरी आले आणि भावजींना सांगितलं. ते हातातल्या कवळीवरचं मेण खरवडत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, मग त्या दाखल्यांचं काय?" पैशांचं काय, हे त्यांच्या तोंडून दोन दिवसांनी निघालं. तेव्हा ते जिन्यावर बसले होते आणि त्यांना उठता येत नव्हतं. मी हाताला धरून उठवलं. त्या दिवशी मी त्यांना खूप बोलले. कशाला ठेवले सगळेच्या सगळे, अक्कल गहाण टाकली होती का, असं काहीबाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसं. मी ओरडत होते तेवढा वेळ मला स्वतःची भीती ऐकू येत नव्हती.

मग आम्ही टॅक्सवाल्या बाईंकडे गेलो. त्या लोकांची विवरणपत्रं भरून देतात. सायकलच्या दुकानावर एक खोली, एक टेबल, एक सतत अडकणारा प्रिंटर. बाईंनी त्या पाच वर्षांचे पाचही खोके उघडले, दाखले चाळले आणि पहिल्यांदाच कोणीतरी आमच्याशी बरं बोललं.

"तुम्ही हे खोटं व्याज दर वर्षी उत्पन्न म्हणून दाखवलंत?"

भावजी घाबरले. "दाखवायचं नव्हतं का?"

"दाखवलंत तेच तुम्हाला तारणार आहे. ठेवलेली रक्कम तर चोरीचं नुकसान म्हणून धरता येतेच. पण ज्या व्याजावर तुम्ही टॅक्स भरलात तेसुद्धा त्यात धरता येतं. ज्यांनी व्याज लपवलं त्यांना आता फक्त मुद्दलावर रडायचंय. तुम्हाला भरलेला बराच टॅक्स परत मिळेल, आणि पुढची काही वर्षं भरावा लागणार नाही."

"म्हणजे काम थांबवता येईल?" भावजींनी विचारलं आणि उजवा हात टेबलाखाली घेतला.

"काटकसरीने. येईल."

मी सुटकेचा श्वास घ्यायला गेले, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "पोलिसांना कंपनीच्या वह्या सापडल्यात. कोणी कोणाला आणलं, कोणाला किती दलाली दिली, सह्यांसकट यादी आहे. ती टॅक्स ऑफिसकडे गेली आहे. त्यामुळे नुकसानीच्या फॉर्ममध्ये, जो सवलत चालू असेपर्यंत दर वर्षी द्यावा लागतो, रकाना चौदा नीट भरायचा. 'कुटुंबातील कोणास दलाली मिळाली आहे काय.' पुढच्या मंगळवारी या, सगळं तयार ठेवते."

जिना उतरताना मी कठडा धरला तर भावजी म्हणाले, "वहिनी, सावकाश. आता घाबरायचं कारण नाही."

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. दुकानाच्या दारात कोणी गणवेशातला माणूस उभा राहिला की माझ्या हातातली टाचणी पडायची. एक जण नुसता पँट द्यायला आला होता, मी त्याला दोनदा विचारलं, "माझ्याकडे काय काम आहे?" कोटवाल्यांचा कोट अजून खुंटीवर होता. त्याचे खिसे मी तीनदा उलटे केले, जणू माझ्या सह्यांचे कागद तिथे असणार होते. निघाली एक खोकल्याची गोळी आणि पार्किंगची चिठ्ठी.

आणि घरी भावजी आनंदात. पाच वर्षांत पहिल्यांदा शीळ वाजवत होते. जेवताना म्हणायचे, "बघा वहिनी, खरं लिहिलं त्याचं फळ मिळालं." मी तीनदा सांगायला तोंड उघडलं. एकदा त्यांनी पाणी मागितलं. एकदा डॉक्टरांचा फोन आला. तिसऱ्यांदा काहीच आडवं आलं नाही, तेव्हा मीच म्हटलं, "उद्या दूध जास्त घ्यायला हवं." सांगितलं असतं तर कुठे जाणार होते मी? अठ्ठावन्न वर्षांची बाई, काउंटरवरचा पगार, घर दुसऱ्याचं. मनात पक्कं केलं होतं, सही करू द्यायची. यादी लांबलचक असेल, माझं नाव कोण बघतंय? आणि बघितलंच तर म्हणेन, सही माझी नाही. हो, इतकी खाली गेले होते मी.

मंगळवारी बाईंनी फॉर्म समोर ठेवला. एकेक रकाना वाचून दाखवत होत्या, भावजी मान हलवत होते. चौदावा आला.

"हा नीट ऐका," बाई म्हणाल्या. "यात खोटं निघालं तर सगळा दावा फेटाळतात. वर दंड, आणि सही करणाऱ्यावर खटला."

भावजी चक्क हसले. "घरात आम्ही दोघंच. लिहा, नाही."

"तुमच्या हाताने लिहायचंय."

त्यांनी पेन उचललं. उजवा हात थरथरत होता म्हणून डाव्याने मनगट दाबून धरलं. पेनाचं टोक कागदावर टेकलं. खटला झाला तर याच माणसाला उभं करतील, तेविसाव्या वर्षीच्या लखोट्याला अजून घाबरणाऱ्या माणसाला, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"थांबा," मी म्हटलं. "मला मिळाली."

प्रिंटर सुरू होता. बाईंनी तो बंद केला. भावजींनी पेन उचललं नाही, तिथेच धरून ठेवलं, त्यामुळे कागदावर शाईचा ठिपका वाढत गेला. मी सगळं सांगितलं. तीन वेळा, किती किती, कशावर खर्च केले. समुद्राचंही सांगितलं. बोलताना माझे दात वाजत होते.

बाई कामाच्या बाई. त्या मला ना रागावल्या, ना त्यांनी समजावलं. भावजींना म्हणाल्या, "आता दोन वाटा आहेत. कुटुंब म्हणजे एका घरात राहून एकत्र जेवणारी माणसं. यांना तुमच्या कुटुंबात धरलं तर होय लिहायचं, पुढे नातं आणि रक्कम. ती रक्कम तुमच्या नुकसानीतून वजा होईल, त्यावरचा बुडवलेला टॅक्स आणि दंड घरातूनच भरायचा, आणि चौकशी होईपर्यंत तुमचा परतावा अडकेल. वर्ष, दीड वर्ष. पण यांचं प्रकरण टॅक्स ऑफिसातच संपेल."

"आणि दुसरी?"

"यांना कुटुंबात धरायचं नाही. खाली राहतात, भाडेकरू. मग तुमचा दावा पूर्ण आणि लगेच. यांच्यावर मात्र बाकीच्या दलालांबरोबर पोलिसांचा खटला."

"त्या भाडं देत नाहीत," भावजी म्हणाले.

"देतात म्हणा. तपासायला कोणी येणार नाही."

मी भावजींकडे बघत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी फॉर्म जवळ ओढला आणि वरची ओळ बोटाने वाचली.

"हा फॉर्म गेल्या वर्षाचा आहे ना?"

"हो. गेल्या वर्षात जे होतं ते."

"गेल्या वर्षी आम्ही एकत्र जेवत होतो," ते म्हणाले. आणि लिहिलं, होय. नातं, भावजय. मग मला तारखा विचारल्या. तिन्ही मला तोंडपाठ होत्या. त्यांनी एकेक आकडा लिहिला, बेरीज केली, ती पुन्हा तपासली आणि सही केली. बाई म्हणाल्या, "तुम्ही हजारात एक आहात." भावजींनी फी किती ते विचारलं.

मला वाटलं, सुटले. रस्त्यात मला रडू आवरेना. कृतज्ञतेचं म्हणा, सुटकेचं म्हणा. भावजी दोन पावलं पुढे चालत होते. मी मागून म्हटलं, "भावजी, शिव्या द्या हवं तर, पण बोला." ते थांबले, मी पोचेपर्यंत वाट बघितली आणि विचारलं, "समुद्र बरा होता का?" खरंच विचारत होते. मी म्हटलं, "बरा होता." मग पुन्हा चालायला लागले.

त्यानंतरचे महिने ते तसेच वागले. वेळेवर जेवायला येत. ताट धुऊन ठेवत. टॅक्स ऑफिसचं पाकीट आलं की आधी घाबरत, आताही घाबरत, पण आता ते पाकीट उघडेपर्यंत मला खोलीत थांबू देत नसत. एकदा मी त्यांच्या मागच्या खोलीत झाडायला गेले तर त्यांनी खोके कपाटात ठेवून कुलूप लावलेलं दिसलं. परतावा अडकला तो अडकलाच. हात थरथरत असताना ते कवळ्या करत राहिले. एका डॉक्टरांनी दोन कवळ्या परत पाठवल्या. त्या त्यांनी पुन्हा केल्या. मी दर महिन्याच्या पगारातून थोडे पैसे टेबलावर ठेवायची, आणि ते त्याची पावती फाडायचे.

हिशेबाचं वर्ष संपायला चार दिवस उरले होते. मी दुकानातून आले तर भावजी जिन्यावरून एक खोका वर नेत होते. मी म्हटलं, "द्या इकडे, धडपडाल." त्यांनी दिला नाही. खोक्यावर चित्र होतं, एका बर्नरच्या शेगडीचं. जिन्याच्या वरच्या पायरीवर एक पातेलं, एक ताट आणि एक वाटी मांडून ठेवली होती. नवी, चिठ्ठ्यासुद्धा काढलेल्या नव्हत्या.

"हे काय, भावजी?"

ते खोका छातीशी धरून उभे राहिले. "एक तारखेपासून माझं जेवण मी वर करीन. खालचं घर तुमचंच राहू द्या. भाडं नको, भाडं घेतलं की ते उत्पन्नात दाखवावं लागतं."

"चुकलं माझं. किती वेळा म्हणू?"

"तसं नाही. मी रागावलेलो नाही." आणि खरंच त्यांचा चेहरा रागाचा नव्हता. लखोटा आल्यावर व्हायचा तसा होता. "वहिनी, मला तुमची भीती वाटते. जेवताना, तुम्ही वाढता तेव्हासुद्धा. दर वर्षी तो रकाना येणार. पुन्हा माझ्या हाताने लिहायचा, माझ्या सहीने, आणि मला कळणार नाही की खरं काय आहे. खोटं मला लिहिता येत नाही. म्हणून जे लिहायचंय ते आधी खरं करून घेतो."

मी तोंडाची फटकळ. आयुष्यात मला उत्तर कमी पडलं नाही, नवऱ्यापुढे नाही, सासऱ्यांपुढे नाही. तेव्हा मात्र माझ्या तोंडून एवढंच निघालं, "मग फॉर्मवर मी कोण, भावजी? काय लिहाल?"

त्यांनी खोका वरच्या पायरीवर ठेवला आणि मला समजावं म्हणून सावकाश सांगितलं, बाईंनी त्यांना सांगितलं होतं तसं.

"चौदाव्यात 'नाही' लिहिलं की नात्याचा रकाना भरायचा नसतो, वहिनी."